मुक्काम एक, घड्याळे दोन : मॉन्ट्रियल कराराची गोष्ट

१/
हवामानबदलाची आणखी एक परिषद पार पडली की तोच प्रश्न पुन्हा कानी येतो : जगातील सरकारे एकत्र बसून दिलेला शब्द कधी पाळतात का? इतिहासात या प्रश्नाचे निदान एक उत्तर होकारार्थी आहे. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे ओझोन थराच्या रक्षणाचा करार झाला. आज तो जगातील झाडून सर्व देशांना मान्य आहे आणि त्यातील बहुतांश वचने पाळली गेली आहेत. हे कसे घडले, त्यात भारताच्या नकाराचा वाटा काय होता आणि कार्बनच्या बाबतीत हा कित्ता का गिरवता आला नाही, हे या धाग्यात पाहू. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
सुरुवात शीतकपाटापासून करावी लागते. १९२०च्या दशकातील शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे वायू वापरले जात. गळती झाली तर घरातील माणसांच्या जिवावर बेतत असे. १९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोडगा काढला. क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी, ही संयुगे विषारी नव्हती, पेट घेत नव्हती आणि सहजी विघटित होत नव्हती. फ्रिऑन या व्यापारी नावाने ती जगभर गेली. शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, फवाऱ्याचे डबे, गादीतील फेस, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची सफाई, अशा असंख्य ठिकाणी ती शिरली. सहजी विघटित न होणे हा त्यांचा सर्वांत मोठा गुण मानला गेला. पुढे तोच दोष ठरला.

३/
जमिनीलगत न मोडणारा हा वायू अखेर जातो कुठे? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी हा प्रश्न विचारला. जून १९७४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सीएफसीचे रेणू वर्षानुवर्षे वर चढत स्थितांबरात पोहोचतात, तेथील अतिनील किरणांनी फुटतात आणि मुक्त झालेला क्लोरिनचा एकेक अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा नाश करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. उत्पादकांनी ते 'केवळ सिद्धान्त' म्हणून झटकून टाकले. १९९५ साली पॉल क्रुटझन यांच्यासह या दोघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

४/
या कथेतील एक भारतीय नाव फारसे घेतले जात नाही. ते म्हणजे वीरभद्रन रामनाथन. तरुणपणी त्यांनी सिकंदराबादेत एका शीतकयंत्रांच्या कंपनीत नोकरी केली. यंत्रांतून शीतक वायू का गळतो, हे शोधणे त्यांचे काम होते. पुढे अमेरिकेत संशोधन करताना १९७५ साली त्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की सीएफसी हा अत्यंत प्रभावी हरितगृह वायूही आहे. त्याचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो रेणूंइतकी उष्णता अडवू शकतो. म्हणजे ओझोनचा प्रश्न आणि तापमानवाढीचा प्रश्न यांची मुळे पहिल्यापासूनच एकमेकांत गुंतलेली होती. राजनयाने मात्र ते दोन वेगळ्या दालनांत ठेवले.

५/
विज्ञान पुढे सरकले तरी सरकारांची पावले जड होती. अमेरिकेने १९७८ साली फवाऱ्यांतील सीएफसीच्या वापरावर बंदी घातली. युरोपातील मोठे उत्पादक देश तितके उत्सुक नव्हते. २२ मार्च १९८५ रोजी व्हिएन्ना येथे एक आराखडा-करार झाला. संशोधन करू, माहितीची देवाणघेवाण करू, एवढेच त्यात होते. कपातीचा एकही आकडा नव्हता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे १९८५ मध्ये, ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे जो फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांचा निबंध आला. अंटार्क्टिकातील हॅली तळावर वसंत ऋतूतील ओझोनचे प्रमाण दशकभरात विलक्षण घसरल्याचे त्यांनी दाखवले. 'ओझोनचे छिद्र' जगाला कळले ते असे.

६/
येथे एक लोकप्रिय समज तपासून घ्यावा लागतो : 'छिद्र दिसले, कारण समजले, म्हणून करार झाला.' क्रम इतका सरळ नव्हता. १९८७ मध्ये मॉन्ट्रियलला प्रतिनिधी जमले तेव्हा अंटार्क्टिकातील छिद्र सीएफसीमुळेच पडले, हे निर्विवाद सिद्ध झालेले नव्हते. सुझन सॉलोमन यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेची निरीक्षणे त्या दिशेने बोट दाखवत होती; विमानातून घेतलेल्या मोजमापांचे निष्कर्ष मात्र कराराच्या नंतर जाहीर झाले. म्हणजे सरकारांनी संपूर्ण पुराव्याची वाट न पाहता सह्या केल्या. 'अजून खात्री नाही' ही सबब त्या वेळीही उपलब्ध होती. ती वापरली गेली नाही, हे या कराराचे पहिले वैशिष्ट्य.

७/
वाटाघाटींच्या केंद्रस्थानी होते मुस्तफा तोल्बा, इजिप्तचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख. अमेरिकेच्या बाजूने रिचर्ड बेनेडिक वाटाघाटी करत होते. १६ सप्टेंबर १९८७ रोजी २४ देशांनी आणि युरोपीय आर्थिक समुदायाने सह्या केल्या. पाच सीएफसी आणि तीन हॅलॉन यांवर नियंत्रण आले. सीएफसीचा वापर आधी १९८६च्या पातळीवर गोठवायचा आणि शतकाच्या अखेरीपर्यंत टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणायचा, असे ठरले. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ओझोन दिनाची चित्रे काढली असतील. तो दिवस १६ सप्टेंबरचा आहे तो याच करारामुळे.

८/
निम्मी कपात अपुरी होती. पण मसुद्यात तीन कळी अशा बसवल्या होत्या की करार पुढे आपोआप कडक होत जावा. पहिली : शास्त्रज्ञांच्या ताज्या अहवालानुसार वेळापत्रक कडक करता येई आणि त्यासाठी दर वेळी नव्याने अनुमोदनाची गरज नसे. दुसरी : कराराबाहेर राहणाऱ्या देशांशी या रसायनांचा व्यापार टप्प्याटप्प्याने बंद होणार होता, बाहेर राहून फायदा उपटण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. तिसरी : ज्या विकसनशील देशांचा दरडोई वापर वर्षाला ०.३ किलोग्रॅमहून कमी होता, त्यांना दहा वर्षांची सवलत होती. मुक्काम सर्वांना एकच; तेथे पोहोचण्याची घड्याळे मात्र दोन.

९/
मार्च १९८८ मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाचा अहवाल आला आणि सीएफसीचा दोष पक्का झाला. त्याच महिन्यात जगातील सर्वांत मोठ्या उत्पादकाने, ड्यू पाँटने, उत्पादन हळूहळू पूर्ण थांबवण्याची घोषणा केली. ही निव्वळ सद्बुद्धी समजू नये. पर्यायी रसायने विकसित करण्याची क्षमता मोजक्याच बड्या कंपन्यांकडे होती. जुना माल बंद पडला तर नव्या मालाची बाजारपेठ त्यांचीच होणार होती. ज्या उद्योगाने इतकी वर्षे विरोध केला, त्याचेच हित आता बंदीच्या बाजूला झुकले. नेमक्या याच वळणावर भारत आणि चीनच्या मनातील शंका अधिक गडद झाली.

१०/
हे दोन्ही देश मॉन्ट्रियलच्या करारात सामील झाले नव्हते. जगातील सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या या दोन देशांत होती आणि दोन्हीकडे सीएफसीचे उत्पादन होत होते. भारतात शीतकपाट ही अजून चैनीची वस्तू होती. बहुसंख्य घरांत पाणी माठातच गार होई. परंतु मध्यमवर्ग वाढणार, शीतकपाटे वाढणार, हे स्पष्ट होते. श्रीमंत देशांनी वापर शून्यावर आणला आणि या दोन देशांनी तो त्यांच्या आधीच्या पातळीपर्यंत वाढवला, तर सारा करार व्यर्थ ठरला असता. थोडक्यात, ज्यांनी थर फाडण्यात सर्वांत कमी हातभार लावला होता, त्यांच्याशिवाय तो शिवता येणार नव्हता.

११/
दिल्लीचा युक्तिवाद साधा होता. आतापर्यंतचा बहुतांश सीएफसी औद्योगिक देशांनी वातावरणात सोडला. त्याचा लाभ त्यांनी घेतला. आता आम्ही आमचे कारखाने बदलायचे, तर नवे तंत्रज्ञान विकत घ्यावे लागणार आणि त्याची पेटंटे त्याच देशांतील कंपन्यांकडे. म्हणजे थर त्यांनी फाडायचा, दंड आम्ही भरायचा आणि नफाही त्यांचाच. १९७२च्या स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि पर्यावरण यांचा विचार एकत्र करण्याची भूमिका मांडली होती. १९८९-९० मधली भारताची भूमिका त्याच परंपरेतील होती. फरक इतकाच की या वेळी तत्त्वाबरोबर ठोस मागणीही होती : स्वतंत्र निधी आणि तंत्रज्ञान मिळण्याची हमी.

१२/
मार्च १९८९ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी लंडनला ओझोनविषयी मोठी परिषद बोलावली. थॅचर स्वतः रसायनशास्त्राच्या पदवीधर. विज्ञान त्यांना पटवून द्यावे लागले नाही. परिषदेला शंभराहून अधिक देशांचे प्रतिनिधी आले. तेथे भारत आणि चीनच्या प्रतिनिधींनी पैशाचा प्रश्न उघडपणे मांडला. कपातीची निकड सर्वांना मान्य होती, पण खर्च कोणी करायचा यावर सन्नाटा होता. पुढचे सव्वा वर्ष हाच वाद चालला. जून १९९० मध्ये लंडनलाच पक्षकार देशांची दुसरी बैठक भरणार होती आणि तेथे करार अधिक कडक व्हायचा होता.

१३/
सर्वांत मोठा अडसर वॉशिंग्टनचा होता, आणि त्यामागचे कारण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ओझोनसाठी लागणारी रक्कम अमेरिकेच्या दृष्टीने किरकोळ होती. भीती होती ती पायंड्याची : येथे एकदा निधी मान्य केला की उद्या तापमानवाढीच्या करारातही तीच मागणी पुढे येईल, आणि तो आकडा किरकोळ नसेल. थोरल्या बुश यांचे चीफ ऑफ स्टाफ जॉन सुनुनू या निधीच्या विरोधात होते. मित्रदेशांचा आणि खुद्द अमेरिकन उद्योगांचा दबाव वाढल्यावर जूनमध्ये भूमिका बदलली. तरीही मसुद्यात एक वाक्य घालून घेतले गेले : ही व्यवस्था पर्यावरणाच्या अन्य प्रश्नांवरील भावी व्यवस्थांना बाध्य करणार नाही. हवामानाच्या वाटाघाटी सुरू होण्याआधीच त्यांची सावली लंडनवर पडलेली होती.

१४/
लंडनला भारताची बाजू तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी मांडली. मुख्य झगडा एका कलमावर झाला. विकसनशील देशांनी वचने पाळणे हे त्यांना मिळणाऱ्या अर्थसाहाय्यावर आणि तंत्रज्ञानावर अवलंबून असावे, अशी भारताची मागणी होती. हा करारातील पळवाटेचा दरवाजा ठरेल, असे विकसित देशांचे म्हणणे. अखेर पाचव्या कलमात मध्यममार्ग निघाला. या देशांची बंधने पाळण्याची क्षमता अर्थसाहाय्य आणि तंत्रज्ञान-हस्तांतरण प्रत्यक्षात किती होते यावर अवलंबून राहील, असे त्यात नमूद झाले. मदत न मिळाल्यास देशाने तसे लेखी कळवावे, सर्व पक्षकारांनी त्यावर निर्णय घ्यावा आणि तोवर त्या देशावर कारवाई होऊ नये, असेही ठरले.

१५/
त्याबरोबर जन्मला 'बहुपक्षीय निधी'. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर ठरले. भारत आणि चीन सामील झाल्यास रक्कम २४ कोटींपर्यंत वाढणार होती. करारनाम्यातच दोन देशांच्या प्रवेशाची किंमत अशी आकड्यांत मांडली जाणे विरळाच. निधीच्या कार्यकारी समितीत सात विकसित आणि सात विकसनशील देश बसत, आणि मतदानाची वेळ आलीच तर दोन्ही गटांत बहुमत लागे. देणाऱ्याचा एकतर्फी वरचष्मा नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. पैसा दान म्हणून द्यायचा नव्हता. सीएफसी सोडल्यामुळे कारखान्याला पडणारा जादा खर्च हिशेबाने भरून द्यायचा होता. दान आणि देणे यांतला हा फरक दिल्लीला फार महत्त्वाचा वाटत होता.

१६/
चीन १९९१ मध्ये सामील झाला. भारताने १९ जून १९९२ रोजी करार स्वीकारला. रिओ दि जानेरोची वसुंधरा परिषद आटोपून तेव्हा पाच दिवस झाले होते. पाश्चात्त्य लेखनात कधीकधी या दोन वर्षांकडे 'विलंब' म्हणून पाहिले जाते. मला ही मांडणी अपुरी वाटते. भारत १९८७ साली निमूटपणे सामील झाला असता, तर निधी उभा राहिला असता का, याची शंका आहे. आणि निधीशिवाय छोट्या कारखान्यांच्या देशांत बंदी कागदावरच राहिली असती. न्यायाच्या मागणीने करार अडला, हे अर्धे सत्य. त्याच मागणीने करार सार्वत्रिक झाला, हे उरलेले अर्धे.

१७/
आता हवामानाकडे वळू. मे १९९२ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांचा हवामानबदलविषयक आराखडा-करार स्वीकारला गेला आणि जूनमध्ये रिओला सह्यांसाठी खुला झाला. त्यातील चौथ्या कलमाचा सातवा परिच्छेद वाचला तर लंडनची आठवण येतेच : विकसनशील देश आपली वचने कितपत पाळतील, हे विकसित देश अर्थसाहाय्य आणि तंत्रज्ञानाची आपली वचने कितपत पाळतात यावर अवलंबून राहील. 'जादा खर्च भरून देणे' ही संकल्पनाही तेथून येथे आली. वॉशिंग्टनला ज्या पायंड्याची धास्ती होती, तो दोनच वर्षांत शब्दरूपाने अवतरला होता. पण शब्द आले, यंत्रणा आली नाही. व्यापाराची कळ, कपातीचे बंधनकारक आकडे, समसमान चालवलेला स्वतंत्र निधी, यांपैकी काहीही रिओत नव्हते.

१८/
११ डिसेंबर १९९७ रोजी क्योटो येथे आकडे आले. औद्योगिक देशांनी २००८ ते २०१२ या काळात उत्सर्जन १९९०च्या तुलनेत सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी घटवायचे, असे ठरले. विकसनशील देशांवर कपातीचे बंधन नव्हते. ऐतिहासिक जबाबदारी पाहता हे न्याय्य होते. पण मॉन्ट्रियलची दोन घड्याळे येथे नव्हती, एकच होते आणि दुसऱ्या गटासाठी कोणतीच वेळ ठरलेली नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकन सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता : विकसनशील देशांवरही त्याच काळात बंधने नसतील, तर असा करार आम्हाला नको. २००१ साली धाकट्या बुश यांनी क्योटोकडे पाठ फिरवली. कॅनडाने २०११ मध्ये माघार जाहीर केली.

१९/
क्योटोच्या काळातील एक विचित्र प्रकरण दोन्ही करारांना जोडते. एचसीएफसी-२२ हा शीतक तयार करताना एचएफसी-२३ नावाचा उपवायू निघतो. त्याची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून अधिक. क्योटोच्या योजनेनुसार चीन आणि भारतातील कारखान्यांनी हा उपवायू जाळला तर त्यांना कार्बन-श्रेय मिळे, आणि ते युरोपात विकले जाई. जाळण्याचा खर्च नगण्य, श्रेयाची किंमत अफाट. उपवायूच मूळ मालापेक्षा किफायतशीर ठरू लागला. अखेर युरोपीय संघाने २०१३ पासून अशी श्रेये नाकारली. प्रत्यक्ष खर्च भरून देणारा निधी आणि बाजारभावाने श्रेय विकत घेणारी योजना, यांतील अंतर येथे उघडे पडते.

२०/
मॉन्ट्रियलची गाडी मात्र रुळावर होती. १९९० मध्ये सीएफसी पूर्ण बंद करण्याचे ठरले. १९९२च्या कोपनहेगन बैठकीत विकसित देशांसाठी मुदत १९९६ वर आणली गेली. विकसनशील देशांसाठी ती २०१० होती. भारतात पर्यावरण मंत्रालयाच्या ओझोन कक्षाने कारखान्यांच्या बदलाचे काम पाहिले. १ ऑगस्ट २००८ पासून, म्हणजे मुदतीच्या सतरा महिने आधी, भारताने सीएफसीचे उत्पादन आणि वापर थांबवला. अपवाद होता दम्याच्या रुग्णांच्या श्वसनफवाऱ्यांचा. पर्यायी औषधफवारे सिद्ध होईपर्यंत तेवढी मुभा राहिली. करार कडक असावा, पण रोग्याचा श्वास कोंडू नये, एवढे तारतम्य त्यात होते. २००९ साली या कराराला सर्व देशांचे अनुमोदन मिळाले.

२१/
शब्द पाळला जातो की नाही, हे कळते फसवणूक उघडकीस येते तेव्हा. मे २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की सीएफसी-११ चे हवेतील प्रमाण अपेक्षेइतके वेगाने घटत नाही. कोणीतरी नव्याने उत्पादन करत असले पाहिजे. दक्षिण कोरियातील गोसान आणि जपानमधील हातेरुमा या केंद्रांवरील मोजमापांनी पुढच्या वर्षी पूर्व चीनकडे बोट दाखवले. चीनने कारवाई केली आणि काही काळातच उत्सर्जन पुन्हा घसरले. वचनभंग हवेतच मोजता आला, हे या प्रकरणाचे मर्म. आपल्या पुण्यातही हवामान विभाग ओझोनची मोजमापे दीर्घकाळ घेत आला आहे. अशा कंटाळवाण्या नोंदींच्या वह्यांवरच करारांचा विश्वास उभा असतो.

२२/
सीएफसी गेले, त्यांच्या जागी एचएफसी आले. ते ओझोनला इजा करत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. मग त्यांचा विचार कोणत्या दालनात करायचा? भारत अनेक वर्षे म्हणत राहिला की हा ओझोनचा विषयच नाही, तो हवामान करारातच सोडवावा. एप्रिल २०१५ मध्ये भारताने पवित्रा बदलून स्वतःचा दुरुस्ती-प्रस्ताव मांडला. १५ ऑक्टोबर २०१६ रोजी, रात्रभर चाललेल्या वाटाघाटींनंतर, रवांडाच्या किगाली शहरात दुरुस्ती मान्य झाली. तेव्हा पर्यावरणमंत्री होते अनिल माधव दवे. त्याच सुमारास भारताने आपल्या उत्पादकांना एचएफसी-२३ स्वखर्चाने नष्ट करण्याचा आदेशही दिला.

२३/
किगालीत घड्याळे आणखी वाढली. विकसित देशांनी २०१९ पासून कपात सुरू करायची. चीनसह बहुतेक विकसनशील देशांनी वापर २०२४ मध्ये गोठवायचा. भारत, पाकिस्तान, इराण, इराक आणि काही आखाती देशांनी २०२८ मध्ये. भारताने २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे. दुरुस्ती पूर्ण पाळली गेली तर या शतकाच्या अखेरीपर्यंत अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. भारताने २०२१ मध्ये तिला अनुमोदन दिले. आणि ज्या सिनेटने १९९७ साली ९५-० ने दार लावले होते, तिनेच सप्टेंबर २०२२ मध्ये किगालीला ६९ विरुद्ध २७ मतांनी मान्यता दिली. उद्योगांचे हित आणि सर्वांसाठी बंधन, दोन्ही एका बाजूला आले होते.

२४/
मग कार्बनसाठी हेच सूत्र का लागू करू नये? येथे सावध राहिले पाहिजे. सीएफसीचे उत्पादक मोजके होते आणि पर्याय नजरेच्या टप्प्यात होते. कार्बन डायऑक्साइड कोणी 'उत्पादन' म्हणून विकत नाही. तो वीज, पोलाद, सिमेंट, वाहतूक, शेती अशा सर्व व्यवहारांतून निघतो. एक शीतक बदलणे आणि सबंध अर्थव्यवस्थेचे इंधन बदलणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १२ डिसेंबर २०१५ रोजी झालेल्या पॅरिस कराराने म्हणूनच वेगळी वाट धरली : प्रत्येक देशाने आपले घड्याळ आपणच लावायचे आणि दर पाच वर्षांनी नवे वचन द्यायचे. लवचीकता मिळाली; बंधन सैल झाले.

२५/
फरक असूनही एक धागा समान आहे, तो पैशाचा. २००९ साली कोपनहेगनला विकसित देशांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या हिशेबानुसार तो आकडा प्रथम गाठला गेला २०२२ मध्ये; त्यातही कर्जाचा वाटा मोठा. २०२४ साली बाकूला २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचे नवे उद्दिष्ट ठरले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत नापसंती नोंदवली. त्या नापसंतीला १९९०च्या लंडनचा इतिहास आहे. तेव्हा रक्कम लहान होती, पण ती ठरलेल्या वेळी, दोन्ही बाजूंच्या देखरेखीखाली पोहोचली. म्हणून पुढची वचनेही पाळली गेली.

२६/
२०२३च्या प्रारंभी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सांगितले की सध्याची धोरणे टिकली तर अंटार्क्टिकावरील ओझोन सुमारे २०६६ पर्यंत १९८०च्या पातळीवर येईल. बहुतांश जगात ते त्याआधीच घडेल. आज विशीत असलेल्या वाचकांना ते वर्ष पाहता येईल. करारावर सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना नाही. पुढच्या परिषदेच्या बातम्या वाचताना म्हणूनच तीन प्रश्न सोबत ठेवावेत : खर्च कोण भरतो आहे, प्रत्येकाचे घड्याळ कोणत्या वेळेला लावले आहे, आणि वचन मोडले तर ते कोणाला व कसे कळेल? घोषणांपेक्षा या तीन उत्तरांवर कराराचे आयुष्य ठरते. शंका आणि दुरुस्त्या खाली जरूर मांडाव्यात.